हूरामधली सहा आठवड्यांची हजेरी

काही गोष्टी घडतात त्या दिवशी माणूस घरीसुद्धा सांगत नाही. मग वर्ष जातं, कुणाकडे तरी शुक्रवारी जेवायला बसलेलं असताना एक जण चुकून एक गोष्ट बोलून जातो, दुसऱ्याला दुसरी आठवते, आणि बघता बघता ढीग लागतो. आमच्या कोर्सचं तसंच झालं. हसतो आम्ही आता. पण सांगताना मी अजून कोणाच्या डोळ्यात बघत नाही, हे बायकोनं परवा मला दाखवून दिलं.

आधी थोडक्यात सांगतो. आमची एसी आणि डक्टिंगची कंपनी बंद पडली. मी तिथं डॉक्युमेंट कंट्रोलर होतो, आठ वर्षं. बहुतेक लोक परत गेले. आम्ही बावीस जण उरलो, आणि ज्या एजन्सीकडे आमचे व्हिसा गेले तिनं अट घातली: सहा आठवड्यांचा ‘जॉब रेडिनेस’ कोर्स करायचा. सही सकाळी एकदा, दुपारी एकदा. दोनदा गैरहजर राहिलात की नाव कट, व्हिसा कॅन्सल, खलास. दिवस होते जुलैचे.

* * *

कोर्सची जागा बहारीनच्या हूरा भागात, एका टेलरच्या दुकानावर. आधी तिथं लहान मुलांचा क्लास चालायचा. भिंतीवर सफरचंद, बॉल, मांजर अशी चित्रं तशीच होती. खुर्च्याही त्यांच्याच. लिहायला फळी जोडलेल्या, दहा वर्षांच्या मुलाच्या मापाच्या. बसलं की गुडघे छातीला लागायचे आणि उठताना खुर्ची सोबत उठायची.

पहिल्या दिवशी शिकवणारे रेजी सर बोलत होते. केरळचे, स्वभावानं गरीब, समोर लॅपटॉप. तेवढ्यात दार उघडलं आणि साठे सर आत आले. साठे सर म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचे हेड. पुण्याचे, चोपन्न वर्षांचे, टाय लावून आलेले. आठ वर्षांच्या सवयीनं मी ताडकन उभा राहिलो. मी उभा राहिलो म्हणून शेजारचा राहिला, त्याला बघून मागची रांग. सगळ्यांना वाटलं, मिनिस्ट्रीचा साहेब तपासणीला आला. रेजी सरांनीसुद्धा लॅपटॉप सोडून शर्ट नीट केला.

साठे सर दारातच थांबले. खाली बघत म्हणाले, “बसा, बसा. मी पण विद्यार्थीच आहे.”

रिकामी खुर्ची एकच होती, माझ्या शेजारची. त्या खुर्चीत ते मावेनात. मी त्यांना मदत करावी की दुसरीकडे बघावं, ते मला कळेना. मी दुसरीकडे बघितलं.

* * *

एसी होता, पण गार हवा येत नव्हती. नुसता आवाज करायचा आणि पाणी गाळायचा. खाली बादली ठेवलेली. आता गंमत बघा, आम्हा बावीस जणांत नऊ जण एसीचेच मेकॅनिक होते. काहींनी या देशातले मोठमोठे मॉल गार केले होते. ते नऊ जण त्या एसीखाली रुमालानं मान पुसत बसलेले, कारण भिंतीवर नोटीस होती: सेंटरच्या सामानाला हात लावू नये.

चौथ्या दिवशी साताऱ्याच्या शिंदेला राहवेना. पन्नाशीचा माणूस, अबोल. जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावर चढला, नाण्यानं स्क्रू काढले, आणि दुसऱ्या दिवशी कुठून तरी एक पार्ट आणून बसवला. दहा मिनिटांत खोली गार झाली.

दुपारी सेंटरचा मालक आला. हवा बघितली, नोटीस बघितली, आमच्याकडे बघितलं.

“एसीला हात कोणी लावला?”

शिंदेनं मान खाली घातलेली. सातवीत बाकावर नाव कोरलं म्हणून सगळा वर्ग उभा केला होता, तेव्हा आम्ही असेच गप्प होतो. फक्त आता आमच्यातल्या निम्म्यांचे केस पांढरे होते.

मालकानं दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्या घरचा पण बिघडलाय. कोणी येईल का?”

नऊ हात वर झाले. आणि दहावा माझा. मला एसीतलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त कागद सांभाळायचो.

त्यानं चौघांना नेलं. एसी दुरुस्त करून घेतला, ज्यूस पाजला आणि म्हणाला, नोकरीचं बघतो, इंशाल्ला. मला नेलं नाही, याचं मला दोन दिवस वाईट वाटत होतं.

* * *

जेवायला जागा नव्हती. वर्गात डबा उघडायचा नाही, वास येतो. मग आम्ही तीन-चार जण शेजारच्या इमारतीच्या सावलीत, फुटपाथच्या कडेला कागद पसरून बसायचो. साठे सर पहिला आठवडा आले नाहीत. गाडीत बसून एकटे खायचे. मग गाडी विकली. मग आले.

त्या दिवशी आम्ही डबे उघडतोय तोच एक गाडी थांबली. आतून एक बहारिनी गृहस्थ उतरले, साधारण आमच्याच वयाचे, पांढरा पायघोळ थोब घातलेले. मागच्या सीटवरून बिर्याणीची पाकिटं काढली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायला लागले. त्यांच्या घरात काहीतरी कार्य असावं. वाटणं चाललं होतं. रस्त्यावरच्या गरिबांना.

साठे सरांचा चेहरा लाल झाला. ते उभे राहिले, टाय सरळ केला आणि इंग्रजीत समजावायला लागले. की तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, आम्ही तसे लोक नाही, आम्ही इंजिनिअर आहोत.

त्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पाकीट पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “मफी मुश्किला, काही हरकत नाही. इंजिनिअर पण जेवतात.”

गाडी गेली. आम्ही कोणी कोणाकडे बघितलं नाही. बिर्याणी चांगली होती. साठे सरांनी डबा बंद केला आणि तीच खाल्ली.

* * *

हा किस्सा ज्योतीताईंचा. त्या नागपूरच्या, आमच्या कंपनीत रिसेप्शनला होत्या. सकाळी मला बघितलं की “जय भीम, भाऊ” म्हणायच्या आणि दिवसभर ताठ बसायच्या. आम्हा बावीस जणांत बायका दोनच, आणि टॉयलेट एक. त्याची कडी तुटलेली आणि पाणी दुपारी जायचं. दुसरी बाई फिलिपीन्सची होती, ती तिसऱ्या दिवशी देशात परत गेली. त्यानंतर ज्योतीताई सकाळपासून पाणीच पीत नसत. हे आम्हाला कळलं त्या चक्कर येऊन पडल्या तेव्हा. वीस पुरुष होतो तिथं, तीन आठवडे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

नंतर त्यांनी उपाय काढला. कोपऱ्यावर एक हॉटेल होतं. बाई चांगली साडी नेसून यायच्या, पर्स खांद्याला, आणि दुपारी सरळ हॉटेलच्या दारातून आत. आपण इथंच उतरलोय अशा चालीनं लॉबीतून वॉशरूमला. आठवडाभर कोणी अडवलं नाही.

मग एक दिवस काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “मॅडम, रूम नंबर?”

ज्योतीताई म्हणाल्या, “चारशे बारा.”

हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. म्हणाल्या, “भाऊ, तोंडाला जे आलं ते बोलून दिलं मी. आणि मंग ध्यानात आलं, बिल्डिंग तं तीनच मजल्याची आहे.”

त्या माणसानं रजिस्टर बंद केलं आणि म्हणाला, “चारशे बाराचं वॉशरूम उजवीकडे आहे, मॅडम. रोज तेच वापरा.”

* * *

आता माझा. आम्ही राहायला सनद नावाच्या वस्तीत. नोकरी गेली हे बायकोला माहीत होतं, मुलीला सांगितलं नव्हतं. नववीत होती. मी रोज सकाळी जुन्या ऑफिसचं कार्ड गळ्यात घालून निघायचो. गल्लीच्या टोकाला गेल्यावर काढून खिशात ठेवायचो आणि घरी येताना पुन्हा घालायचो.

कोर्समध्ये होमवर्क असायचं. ‘स्वतःविषयी दहा ओळी’, इंग्रजीत. मी ते स्वयंपाकघरात ओट्यावर उभा राहून, बायकोच्या आड लिहायचो. एका संध्याकाळी वही तिथंच विसरून अंघोळीला गेलो. परत आलो तर वही जागच्या जागी, पण माझ्या दहा ओळींत पेन्सिलनं बारीक खुणा. एका ठिकाणी ‘द’ घातलेलं, एका ठिकाणी काळ बदललेला. आणि ‘अनएम्प्लॉइड’ या शब्दाचं स्पेलिंग मी चुकवलं होतं, ते वर नीट लिहून दिलेलं.

मुलगी हॉलमध्ये अभ्यास करत बसली होती. आमची मुलगी मराठी सगळं समजते, बोलते इंग्रजीत. मी दारात उभा राहिलो.

तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, “बाबा, त्यात आय नाही, वाय असतो.”

दुसऱ्या दिवशी मी कार्ड घरीच ठेवून निघालो. ते तिनं बघितलं की नाही, मी विचारलं नाही.

* * *

पुढं सगळ्यांचं काही ना काही झालं. ज्योतीताईंना एका क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्क मिळाला. शिंदेला झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये मेंटेनन्सला घेतलं. मला दुसऱ्या एका काँट्रॅक्टरकडे पुन्हा कागदच सांभाळायला बसवलं. साठे सरांना कुठंच जमलं नाही, ते पुण्याला गेले. आता एकच किस्सा उरला, पाचव्या आठवड्यातला. तो सांगतो आणि उठू या.

पाचव्या आठवड्यात इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस होती. दोघा-दोघांच्या जोड्या. एक साहेब, एक उमेदवार, पुढं येऊन सगळ्यांसमोर. रेजी सरांनी आधीच बजावलं होतं: ‘तुमचा दोष काय’ असं विचारलं तर खरं सांगायचं नाही. म्हणायचं, मी परफेक्शनिस्ट आहे. ते त्यांनी फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं.

जोडी पाडली खुर्च्यांप्रमाणे. मी साहेब आणि साठे सर उमेदवार.

एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आठ वर्षांत मी सीनियर पोस्टसाठी चारदा अर्ज केला होता. चारही वेळा साठे सरांनी रिपोर्टमध्ये तेच लिहिलं: ‘अजून तयार नाही.’ माझ्या मागून आलेले तिघं पुढं गेले. एकदा मी धीर करून कारण विचारलं तेव्हा हसून म्हणाले होते, “वाघमारे, तुम्हा लोकांना एवढ्यावर आणून ठेवलंय सरकारनं, अजून किती घाई?” मी तेव्हा हसलो होतो. साहेब हसल्यावर मीही हसलो, ते आजवर मला विसरता आलं नाही.

तर मी समोर बसलो. हातात प्रश्नांचा कागद. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. पहिले दोन प्रश्न विचारले, त्यांनी नीट उत्तरं दिली. तिसरा प्रश्न दोषाचा. मी कागदावरचा सोडला आणि माझा विचारला. मुद्दाम.

“हाताखालच्या माणसाच्या बाबतीत तुमच्याकडून झालेली एखादी चूक सांगा.”

साठे सरांनी फळ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. इंग्रजीत सुरुवात केली, दोन शब्दांत अडखळले आणि मराठीत आले. हळू बोलत होते, पण खोली लहान होती.

“एक माणूस होता माझ्याकडे. दुसऱ्याच वर्षी तयार होता तो. माझ्यापेक्षा नीट काम करायचा. मी दर वेळी ‘तयार नाही’ लिहिलं. का लिहिलं ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्यानं परत कधी विचारलं नाही, म्हणून मला बरं वाटायचं.”

मराठी कळणारे तिथं पाच-सहा जण असतील, त्यांनी माना वर केल्या. ज्योतीताई पहिल्या रांगेत होत्या. बाकीच्यांना वाटलं, उत्तर लांबलंय.

रेजी सरांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. ते लॅपटॉपवरून मान वर करून मला म्हणाले, “वाघमारे, क्या बोल रहे हैं? सबको ट्रान्सलेट करो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साठे सरही.

मी म्हणालो, “सर, ये बोल रहे हैं कि ये परफेक्शनिस्ट हैं.”

“व्हेरी गुड,” रेजी सर म्हणाले. “क्लॅप, एव्हरीबडी.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्योतीताईंनी नाही.