बॅगांपाशी कोण बसणार?

टोरोंटोच्या आंबेडकरी मंडळात भगवान गजभियेंची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. भारतात जाताना वाटेत इंग्लंडातल्या लंडनला उतरून बाबासाहेबांचं विद्यार्थिदशेतलं घर कसं बघून यायचं, हे त्यांच्याइतकं बारकाईनं कोणी सांगत नसे. ते स्वतः राहायचेही लंडनलाच, पण ओंटारिओतल्या. 'लंडनहून लंडनला' हा विनोद ते दर वर्षी करत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत. महापालिकेच्या पाणी खात्यातली इंजिनिअरची नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, पण सल्ला देण्यातून ते काही रिटायर व्हायला तयार नव्हते.

त्यांची बायको ललिता डायलिसिस विभागात नर्स होती. तिनं सुई टोचलेली कळत नाही, असं पेशंट म्हणायचे. चार-चार तास मशीनला बांधलेल्या माणसांना ती गप्पांत गुंतवून ठेवी, आणि घरी आली की नवऱ्याचं ऐकून घेई. त्याचा सल्ला तिनं इतक्यांदा ऐकला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा म्हणून दाखवला असता.

यंदाच्या जयंतीला बाहेर एप्रिलातला बर्फ पडत होता आणि ब्रॅम्प्टनच्या हॉलमध्ये वडाभाताच्या ट्रेभोवती गर्दी होती. दीपा आणि मिलिंद नावाचं एक तरुण जोडपं, कडेवर वर्षाची मुलगी, भगवानरावांपाशी आलं. डिसेंबरात नागपूरला चालले होते, लंडनला दिवसभराचा लेओव्हर होता.

भगवानराव खुलले. "आधी ईटीए, म्हणजे तिथं शिरायची परवानगी, अप्लाय करा, फोनवरच होतं. त्याच्याशिवाय विमानात बसूच देत नाहीत. ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, तिकीट काढत बसू नका, कार्ड टॅप करायचं. पण आत जाताना जे कार्ड, बाहेर पडताना तेच! सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा, नाहीतर मागचे लोक खाऊ की गिळू बघतात. नॉर्दर्न लाइनला एजवेअरचीच गाडी धरा, चॉक फार्मला उतरा, पूल ओलांडा. अन् रस्ता क्रॉस करताना आधी उजवीकडे बघा. इतकी वर्षं कॅनडात राहून मान डावीकडेच वळते आपली."

"आणि हिचं काय करायचं?" दीपानं मुलीकडे बोट दाखवलं.

"ते तर सगळ्यात सोपं! एकानं बॅगांपाशी अन् पोरीपाशी बसायचं, दुसऱ्यानं घर बघून यायचं. आम्ही नेहमी तसंच केलं."

दीपा ललिताकडे वळली. "काकू, तुम्ही पहिल्यांदा ते घर बघितलं तेव्हा काय वाटलं हो तुम्हाला?"

ललिताच्या हातात खिरीची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली.

"मी नाही बघितलं गं."

भगवानराव हसले. "गंमत करते. आपण इतक्यांदा गेलो की!"

"आपण नाही. तुम्ही गेलात," ललिता म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण आसपासचे चमचे थांबले. "मी एअरपोर्टच्या खुर्चीवर बसायचे. खुर्च्यांबद्दल विचार, सगळं सांगते. वॉशरूमच्या दाराजवळची खुर्ची धरायची. बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकवून बसायचं. अन् चहा-कॉफी अजिबात प्यायची नाही, कारण वॉशरूमला जायचं तर बॅगा कोण बघणार?"

लोक हसले. ललिताही हसली. पण भगवानरावांचा चेहरा बघून दीपानं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हळूच मिलिंदला घेऊन ती बाजूला झाली.

म्हटलं तर कोणाचीच चूक नव्हती. पहिल्या खेपेला मुलगी यशोधरा तान्ही होती आणि तिला ताप भरला होता. नंतर प्रीतम झाला. पोरं मोठी झाली तोवर सासूबाई सोबत येऊ लागल्या, त्यांची व्हीलचेअर होती. त्या गेल्या, मग नव्या सूटकेसचं कुलूप लागेना. कारण दर खेपेला वेगळं आणि खरं, बसणारी मात्र तीच. भगवानराव सुरुवातीला बाहेरूनच बाबासाहेबांच्या नावाची पाटी बघून यायचे, कारण घर तेव्हा परक्याचं होतं. पुढं तिथं स्मारक झालं, आत जाता येऊ लागलं, तेव्हा तर ते डोळे ओले करून परतले. सगळं तिला सांगितलं. तिनंही मन लावून ऐकलं.

आणि ते ऐकलेलंच तिनं नागपूरला आपल्या वडिलांना सांगितलं होतं.

ललिताचे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुलगी परदेशी गेली याचं त्यांना फार कौतुक नव्हतं, पण ती बाबासाहेबांच्या घरावरून येते याचं होतं. "पाहिलंस?" त्यांनी दारातच विचारलं होतं. इतक्या आशेनं विचारलं की ललिताच्या तोंडून 'हो' निघून गेलं. मग शेजारीपाजारी गोळा झाले, "सांग यांना" म्हणून बाबांनी तिला मध्ये बसवलं, आणि तिनं नवऱ्याचं वर्णन आपलं म्हणून सांगितलं. इतकं छान सांगितलं की भिंतीला टेकून ऐकणाऱ्या भगवानरावांनाही ती आपल्यासोबत होती असंच वाटायला लागलं.

फक्त बाबांचा एक प्रश्न असा होता की त्याचं उत्तर भगवानरावांच्या वर्णनात नव्हतं. "वाचता वाचता मान वर केली की त्यांना खिडकीतून काय दिसत असेल गं?"

"झाड दिसतं, बाबा," ती म्हणाली होती. "मोठं झाड."

"झाडाकडे बघायला त्यांना फुरसत कुठली," बाबा समाधानानं म्हणाले, "पण असलेलं बरं."

दर भेटीत ते झाड निघायचं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा ललिताला त्यांच्या जाण्याइतकंच त्या झाडाचं दुःख झालं. आता खरं सांगायला माणूसच उरला नव्हता.

हॉलवरून परतताना ४०१ हायवेवर भगवानराव गप्प होते. ही गोष्ट इतकी दुर्मिळ की ललितानं दोनदा वळून पाहिलं. वाटेत कॉफीला थांबल्यावर ते म्हणाले, "आई सोबत नव्हती त्या वर्षी तरी आपण..."

"कुलूप."

"तू कधी बोलली का नाहीस?"

"पहिल्यांदा बोलणार होते. पण तुम्ही इतके आनंदात परत आलात की राहूनच गेलं. मग सवय लागली. अन् बाबांना खोटं सांगितल्यावर बोलायला तोंडच राहिलं नाही."

भगवानरावांनी कपाचं झाकण काढलं, परत लावलं. घरी पोचल्यावर टोरोंटोला यशोधराला फोन करून सगळं सांगितलं. ती तिकडून ओरडली, "बाबा, आर यू सीरियस? ऑल दोज ट्रिप्स?" त्यांनी मान खाली घालून फोन ललिताकडे दिला.

सप्टेंबरात दोघं निघाली. मुक्काम फक्त एका रात्रीचा, दुसऱ्या सकाळी मुंबईचं विमान. भगवानरावांचा बेत चोख होता: सकाळी उतरायचं, हॉटेलवर बॅगा टाकायच्या आणि निवांत घर बघायचं, दोघांनी. पण टोरोंटोलाच विमान रखडलं. लंडनला उतरेपर्यंत दुपार टळली. हॉटेलवर जाऊन मग निघावं तर स्मारक बंद व्हायची भीती. "तसंच जाऊ," ललिता म्हणाली, आणि आपली बॅग ओढत पुढं निघाली.

ट्यूबमध्ये भगवानराव तोंड उघडायचे आणि ललिता आधीच सांगायची. "एजवेअरचीच ना?" "उजवीकडे उभे राहा, मागून लोक येताहेत." आयुष्यभर वाटलेला सल्ला पहिल्यांदाच त्यांच्याकडे परत येत होता. चॉक फार्मला बाहेर पडल्यावर त्यांनी मोठी कॉफी घेतली. ललितानं कपाकडे पाहिलं आणि बॅग ओढत ती पुलाकडे वळली.

पूल ओलांडून ती दोघं घरासमोर आली. पाटी दिसली. ती पाटी वाचत होती, तेवढ्यात मागून सवयीनं आवाज आला, "हां, आता एकानं बॅगांपाशी..."

भगवानराव मध्येच थांबले. पण ललिता थांबली नव्हती. तिचा हात आपोआप दोन्ही बॅगांच्या मुठींवर गेला होता आणि ती समोरच्या बुटक्या भिंतीकडे वळलीसुद्धा होती. आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिला रडूच फुटलं. इतकी वर्षं नवऱ्यानं बसवलं असं ती मनात म्हणत आली होती, आणि आज तर तिला कोणी 'बस' असंही म्हटलं नव्हतं.

भगवानरावांनी तिची बोटं एकेक करून मुठींवरून सोडवली. "जा."

"अहो, आत कोपऱ्यात ठेवू देतील बॅगा. विचारू आपण. दोघंही जाऊ."

"देतीलही. पण मला बसायचंय." ते भिंतीवर बसले, दोन्ही बाजूंना एकेक बॅग घेतली. मग आठवून एका बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकवला. "बरोबर ना?"

"बरोबर. पण ती कॉफी तेवढी प्यायला नको होती."

ललिता आत गेली. कुणाला काही विचारलं नाही, कुणाचं वर्णन आठवलं नाही. प्रत्येक फोटोपुढे थांबली, प्रत्येक पुस्तकाचं नाव वाचलं. इतकं शिकायला माणूस इतक्या लांब, इतक्या थंडीत एकटा येऊन राहिला होता. तो राहिला म्हणून आपले बाबा मास्तर झाले आणि आपण नर्स. हे तिला लहानपणापासून पाठ होतं. आज मात्र त्या जिन्यावर ती कठडा धरून थांबली. वरच्या मजल्यावर खोलीच्या दारात उभी राहून तिनं हात जोडले आणि पुटपुटली, "जय भीम, बाबा." दोघांनाही एकदमच म्हटलं.

मग ती खिडकीपाशी गेली. झाड शोधायलाच गेली होती. पण नजर आधी खाली रस्त्यावर पडली. समोरच्या भिंतीवर एक पिकल्या केसांचा माणूस पट्ट्यात पाय अडकवून बसला होता, कॉफी पिऊन आता चुळबुळत होता, आणि कोणी जवळून गेलं की दोन्ही बॅगा घट्ट धरत होता.

"बाबा, झाडाचं राहू द्या," ललिता मनात म्हणाली. "इथून तुमचा जावई दिसतो, बॅगांपाशी बसलेला."

आणि अजिबात घाई न करता ती पुढच्या खोलीकडे वळली.