उत्तराची साक्ष

नागपूरजवळच्या वाडीत गोदामांच्या ओळीसमोर उत्तरा निनावे मेस चालवते. नवरा गेल्यापासून तिने कोणाची मदत घेतली नव्हती. सिलिंडर स्वतः उचलायची, दारू पिऊन आलेल्या ड्रायव्हरला स्वतःच बाहेर काढायची. देवापुढे उदबत्ती रोज लागे, पण मागणं कधी नसे.

तीन वर्षांपूर्वी समोरच्या गोदामातल्या ठेकेदाराने चौकीदार दादाजींना सळईने मारलं. चोरीचा माल गेटबाहेर जाऊ दिला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. दादाजींचा एक डोळा गेला. भर दुपारी पुष्कळांनी पाहिलं, पण पोलिसांत जबाब दिला तो एकट्या उत्तराने.

मग मेससमोर मोटरसायकली थांबू लागल्या. ठेकेदाराची पोरं बोलत नसत, नुसती बघत बसत. उत्तराने कॅमेरा लावला, त्याची वायर कोणीतरी कापली. कामठीहून भावाला बोलावलं, तो आठवडाभरात परत गेला. फोडणी घालताना तिचे हात कापू लागले. साक्षीची तारीख जवळ आली तशी ती भांडी घासताना वकिलाचे प्रश्न आणि आपली उत्तरं पुटपुटायची.

"कोणासंग बोलून राहिली वं?" सासूने, शोभाताईंनी, विचारलं.

"पाठ करून राहिली. एक शब्द चुकला तं वकील मले खोटी पाडन."

"अन् हे सगळं तू एकटीच उचलणार?"

"मंग कोण उचलन?"

शोभाताईंनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. "त्याले सांगून तं पाहा. इतक्या वर्षांत तू त्याले एक काम सांगितलं नाही."

 तारखेच्या सकाळी कोर्टात जाताना उत्तरा टेकडी गणपतीच्या देवळाशी बसमधून उतरली आणि गर्दीत हात जोडून उभी राहिली. "मी थकली रे बाप्पा," ती म्हणाली. "मले लय भेव वाटते. जे पाहिलं तेवढं मी सांगीन. बाकीचं आता तुयं."

हात कापायचे थांबले नाहीत. तरी पायऱ्या उतरताना तिला हलकं वाटलं.

ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा ठेकेदाराचा वकील म्हणाला, "बाई, तुमचे हात बघा. खोटं बोलणाऱ्याचे असे कापतात."

याचं उत्तर तिने पाठ केलंच नव्हतं. सगळं पाठांतर डोक्यातून पुसलं गेलं. या वेळी मात्र ती शब्द शोधत बसली नाही.

"कापून राहिले, साहेब. मले या माणसाचं भेव वाटते," तिने ठेकेदाराकडे बोट केलं. "यानंच डाव्या हातानं दादाजीची कॉलर धरली अन् उजव्या हातानं सळई मारली."

"इतकं नक्की आठवतं?"

"विसरून पाहिलं, साहेब. जमलं नाही."

वकिलाने कागद चाळले आणि तो खाली बसला. बाहेर येऊन उत्तरा बाकावर बसली आणि पोटभर रडली. भीतीचं ते रडणं नव्हतं.

तिचं बोलणं वाडीभर झालं. दोन हमाल आपणहून सरकारी वकिलाकडे गेले. आम्हीपण पाहिलं, म्हणाले. कोर्टाने त्यांचीही साक्ष घेतली. ठेकेदाराला शिक्षा झाली.

निकालाच्या संध्याकाळी हमालांनी मेससमोर संदल, म्हणजे ढोलवाल्यांचा ताफा, लावला. ढोल घुमू लागले, ट्रक थांबले. काळा चष्मा घातलेले दादाजी दोन्ही हात वर करून नाचत होते. शोभाताईंनी सुनेला ढकललं, "जा वं." उत्तरा पिठाच्या हातांनीच त्या घोळक्यात शिरली.