दोन रकाब्यांची झिलई

अम्मीच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. दवाखान्याची पिशवी भरायची सोडून ती कोंढव्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दोन रकाब्या मांडून बसली होती. दोन्ही चिनी मातीच्या, पांढऱ्या, काठाला निळी वेल.

"तुझं भिंग आण," ती म्हणाली. "आज काय तो निकाल लागू दे."

एक रकाबी तिची. दुसरी नुकत्याच वारलेल्या माझ्या खालाची, म्हणजे अम्मीच्या धाकट्या बहिणीची. त्यांच्या आईकडे, माझ्या नानीकडे, मुळात अशी एकच रकाबी होती, कित्येक पिढ्यांची. आजाऱ्यासाठी गुलाबपाण्यात खललेल्या केशरानं तिच्यावर कुराणातली आयत लिहायची, मग पाणी ओतून ती अक्षरं बोटानं विरघळवायची आणि ते पाणी आजाऱ्याला पाजायचं, असा आमच्याकडचा रिवाज. पण मुली दोन आणि रकाबी एक. नानीनं जुन्या बाजारात पायपीट करून तिला जोड शोधली, लग्नात एकीला एक, दुसरीला दुसरी दिली आणि खरी कुठली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोघी बहिणी जन्मभर आपलीच खरी समजून खुशीत राहिल्या. खालाची रकाबी काचेच्या कपाटात बसली. अम्मीची सतत राबली. कुणाला कावीळ झाली, शेजारच्या काकूंचा नातू रात्री दचकून उठायला लागला, की ती निघायचीच.

मी वस्तुसंग्रहालयात जुनी चिनी भांडी सांभाळते. अम्मीनं मला याआधी कधीच विचारलं नव्हतं. आता मात्र उद्या छाती उघडणार होते, आणि त्याआधी तिला खऱ्या रकाबीतलं पाणी हवं होतं. मला ऑपरेशनची भीती वाटतच होती, आता या रकाब्यांचीही वाटायला लागली.

आधी खालाची रकाबी खिडकीशी नेली. चिनी मातीवर काचेसारखा जो चकचकीत थर असतो ती झिलई. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे भांड्यांच्या बाबतीत खरंच आहे, पण झिलई सहसा फसवत नाही. भिंगाखाली तिच्यात बुडबुडे दिसले, लहानमोठे, कुठे दाटीनं, कुठे एखादाच. लाकडाच्या भट्टीची आच कधी एकसारखी नसते, त्याची ही खूण. तळाच्या कडेशी झिलई ओघळून जाड झाली होती, तिथे निळसर हिरवी छटा होती आणि ती संपते तिथे बारीक तांबूस रेघ. कुठल्या तरी दूरच्या मुलखात ती भट्टी केव्हाच विझली असेल, पण तिथली हवा अजून त्या बुडबुड्यांत होती. रोज असली भांडी हाताळूनही माझ्या अंगावर काटा आला. मग त्याचा अर्थ लक्षात आला: खरी रकाबी खालाची.

अम्मीच्या रकाबीतले बुडबुडे सगळे एका मापाचे होते. तळाला तपकिरी रंग होता, जुनी दिसावी म्हणून फासलेला. शंकेला जागाच नव्हती. भिंग खाली ठेवता ठेवता ते रकाबीच्या मध्यावर आलं आणि माझा हात थांबला.

नकली झीज मी पुष्कळ पाहिली आहे. घासपेपरचे ओरखडे सरळ असतात, सगळे एका दिशेचे. इथे गोल रेषा होत्या, केसाहून बारीक, एकीत एक गुंतलेल्या, नजर जाईल तिथवर गोलच. अंगठीचं बोट आडवं टेकवून अक्षरं विरघळवायची अम्मीची सवय, आणि ती चांदीची अंगठी इतकी वर्षं झिलईवर फिरत आली होती. काठाला लखलखीत असलेली झिलई मध्ये दुधावरच्या सायीसारखी मऊ दिसत होती. इतकी खरी झीज मी आमच्या संग्रहातल्या कुठल्याच भांड्यावर पाहिलेली नाही. मी बघतच राहिले.

"काय गं? खरी कुणाची?"

खोटं बोलायचं मनाशी ठरवलं होतं. जमलं नाही. "खालाची, अम्मी."

ती म्हणाली, "धाकटीवरच जीव होता तुझ्या नानीचा." तिचे डोळे भरले. मी घाईघाईनं तिला त्या रेषा दाखवायला भिंग पुढे केलं, तर तिनं ते बाजूला सारलं.

"तुझा टायफॉइड कुठल्या रकाबीनं उतरला होता?"

"ह्या, तुझ्या."

"मग केशर खल. आणि ती दुसरी कपाटात ठेवून दे. तिला कामाची सवय नाही."

मी लिहिलं, पाणी ओतलं. अम्मीनं अंगठी काढून माझ्यापुढे धरली. "घाल. उद्या दवाखान्यात काढायलाच लावतील."

आमच्या संग्रहालयात भांड्याला हात लावण्याआधी अंगठ्या उतरवायच्या, असा नियम आहे. नव्या माणसांना तो मीच शिकवते. मी अंगठी बोटात घातली, बोट आडवं टेकवलं आणि फिरवलं. झिलईवर चांदी बारीक करकरली. पाणी पिवळं होत गेलं.

"अजून," अम्मी म्हणाली. "नीट दाबून."