यंत्रं घरात आली, मग पाहुणे आले

आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा दादाचं लग्नाचं वय होतं. तिचं करता करता त्याचं राहून गेलं, आणि त्याचं राहिलं म्हणून माझंही कुणी मनावर घेतलं नाही. त्याचं दुःख आम्ही फारसं केलं नाही. डोंबिवलीत वडिलांनी घेतलेल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, एवढ्यात आमचं बरं चाललं होतं. दादा ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. आता दोघेही निवृत्त.

घरातली कामं आम्ही केव्हा वाटून घेतली ते आठवत नाही. स्वयंपाक दादाकडे, धुणंभांडी माझ्याकडे. आई होती तोवर एक बाई कामाला यायच्या. आई गेल्यावर त्या थांबल्या. दोन सड्या पुरुषांच्या घरी कामाला यायला बायका का कू करतात, आणि ते मला कधी चुकीचं वाटलं नाही. मग मीच बादलीशी बसू लागलो. सकाळी पाणी आलं की कपडे भिजवायचे, ब्रशने घासायचे, पिळायचे, काठीने दोरीवर टाकायचे. चादरी मात्र एकट्याला पिळता यायच्या नाहीत. त्या दिवशी दादा गॅस बारीक करून गॅलरीत यायचा. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. तो उजवीकडे पीळ द्यायचा, मी डावीकडे. समोरच्या बिल्डिंगमधली मुलं हे बघायला खिडकीत येत.

साठी ओलांडल्यावर मला उकिडवं बसवेना, आणि दादाचा उजवा खांदा आखडला. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही. मी कपडे एक दिवसाआड धुवायला लागलो. दादा पोळ्यांऐवजी वरचेवर भात करायला लागला. 

आमची भाची, म्हणजे आमच्या बहिणीची, ताईची मुलगी, लग्नानंतर बाळकुमला राहते. गेल्या वर्षी त्यांनी त्याच भागात मोठं घर घेतलं आणि तिथे सगळं नवीन बसवलं. जुनं वॉशिंग मशीन चांगलं चालत होतं. तिने फोन करून दादाला विचारलं, "मोठे मामा, मशीन भंगारात देऊ की तुमच्याकडे पाठवू?" तिला मामाचा स्वभाव पक्का माहीत होता. नवीन घ्या म्हटलं असतं तर दादाने दहा कारणं सांगितली असती. पण चालती वस्तू भंगारात जाणार म्हटल्यावर तो म्हणाला, पाठव, बघू कुणाला देता येतं का.

मशीन टेम्पोतून आलं, त्याच्या मागोमाग भाचीही आली. तिने प्लंबर बोलावून गॅलरीतल्या नळाला पाइप जोडून घेतला, आमचे कपडे आत टाकले, पावडर कुठे घालायची ते दाखवलं आणि मशीन सुरू करून दिलं. तिला घाई होती. "आता काही करायचं नाही, झालं की ते आपोआप वाजेल," असं सांगून ती गेली.

काही करायचं नाही हे आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. दादाने आतून दोन खुर्च्या आणल्या आणि आम्ही मशीनसमोर बसलो. पुढे गोल काचेचं दार होतं, आतलं सगळं दिसायचं. आधी नुसतंच पाणी आलं. मग कपडे हळूहळू वर चढायचे आणि धप्पकन खाली पडायचे. दादाचा लेंगा माझ्या शर्टाच्या गळ्यात पडला, मग शर्ट लेंग्यावर बसला.

"तुझा शर्ट वर आला बघ," दादा म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं की याला कळतं कसं, कुठला कपडा मळका आहे ते. मी म्हटलं, कळत नसणार, सगळ्यांना सारखंच घुसळतं. त्याला ते पटलं. शाळेत प्रयोग चालू असताना मुलं जशी गप्प बसायची तसे आम्ही बसलो होतो. शेवटी ते जोरात फिरायला लागलं आणि सगळं मशीन थरथरलं. दादा उठला आणि बुजलेल्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा त्याने त्याच्यावर हात ठेवला. ते थांबेपर्यंत हात काढला नाही.

कपडे बाहेर काढले तर जवळजवळ वाळलेले. मी चादर हातात घेतली आणि सवयीने दुसरं टोक दादाकडे दिलं. त्यानेही ते धरलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पिळायला तिच्यात काहीच नव्हतं. दादा इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. त्याला असं हसताना मी किती वर्षांनी पाहत होतो.

मशीन कुणाला देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून दादा घरात धुण्यासारखं काय काय आहे ते शोधत हिंडू लागला. पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले, बाजाराच्या पिशव्या, देवापुढचं आसन, माझी कानटोपी. स्वच्छ होते तेही टॉवेल धुतले. आमची गॅलरी भरलेली बघून शेजारच्या वहिनींनी विचारलं, घरात काही कार्य आहे का. दादा म्हणाला, नाही, मशीन आहे.

माझं म्हणाल तर माझ्या बोटांना साबणाने कायमच्या भेगा असत. त्या हळूहळू भरून आल्या. एकदा पेपर वाचता वाचता लक्षात आलं की पान उलटताना बोट कागदाला अडकत नाही. मी बराच वेळ उगाच पानं उलटत बसलो.

या मशीनने दादाची भीड चेपली. एक दिवस जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, कणीक मळणारं असं काही मिळतं का रे. तेव्हा मला त्याच्या खांद्याचं कळलं. मी म्हटलं, मिळत असणार, जाऊन बघू.

स्टेशनजवळच्या एका दुकानात फूड प्रोसेसर होता. तिथल्या मुलीने तो फार छान समजावून सांगितला: हे पातं किसायला, हे चिरायला, हे कणकेला. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मळून दाखव. ती म्हणाली, काका, इथे पीठ कुठे आहे? दादा म्हणाला, बरोबर आहे. आणि आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी दादा स्टीलच्या डब्यात पीठ, बाटलीत पाणी आणि एका छोट्या बरणीत तेल-मीठ घेऊन निघाला. मला बरोबर जायची लाज वाटत होती, पण गेलो. ती मुलगी मात्र खूश झाली. तिने दुकानातल्या बाकीच्यांनाही हाक मारली. टीव्ही बघायला आलेलं एक जोडपंही येऊन उभं राहिलं. दादा चमचा चमचा पाणी घालायला सांगत होता, ती घालत होती. आतलं पीठ भुरभुर उडालं, मग रवाळ झालं, आणि बघता बघता त्याचा एकच गोळा होऊन भांड्यात धावायला लागला. दादाने झाकण काढलं, आणि गोळ्यात अंगठा दाबून पाहिला.

"पाणी थोडं जास्त झालं," तो म्हणाला, "पण हात चांगला आहे याचा."

प्रोसेसर घेतला. कणीक त्याच डब्यात घालून घरी आणली आणि तिच्या पोळ्या केल्या. किती दिवसांनी गरम पोळी ताटात पडत होती. मी रोजच्यापेक्षा दोन जास्त खाल्ल्या, आणि दादाने त्या आनंदाने लाटल्या.

त्यानंतर डिशवॉशर आणायचं मी सुचवलं, कारण भांडी माझ्याकडे होती. दादाचा त्यावर विश्वास नव्हता. फोडणीची कढई, हळदीचे डाग, चहाचं पातेलं, हे सगळं त्याला जमणार नाही असं त्याचं मत होतं. पहिल्या दिवशी त्याने मुद्दाम दूध लागलेलं पातेलं आत ठेवलं. ते काही पूर्ण निघालं नाही, थोडं मला घासावं लागलं. दादाला आपलं खरं झाल्याचं समाधान मिळालं आणि तो त्या मशीनशी प्रेमाने वागू लागला. आता भांडी लावण्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलं आहे. मी वाट्या कशाही ठेवतो असं त्याचं म्हणणं. ड्राफ्ट्समनच्या हाताने तो एकेक वाटी त्याला हव्या त्या कोनात कलती करतो. मी लावलेलं काढून तो पुन्हा लावतो. एवढ्यावरून आमची वादावादी होते, बाकी कशावरून नाही.

अशी सगळी कामं मशीनांकडे गेली आणि एक दुपार अशी आली की जेवणं झाली, ओटा पुसून झाला, आणि आम्ही दोघे स्वयंपाकघरात नुसतेच उभे. करायला काही नव्हतं. दादा म्हणाला, "आपण ताईला जेवायला बोलवू या."

मला आधी कळेना तो असं का म्हणतो. ताई तर येतेच. मग उमगलं. ती येते ती आपण होऊन, सणावारी, डबा घेऊन. आम्ही बोलावलंय म्हणून आमच्याकडे कुणी जेवायला आलं आहे असं कधी झालं नव्हतं. रोजचं उरकता उरकताच दमायला व्हायचं, त्यात पाहुणे कोण बोलावणार?

रविवार ठरला. ताई, भाची आणि जावई, शिवाय शेजारचे भाऊ-वहिनी. या वहिनी दर सणाला आमच्याकडे ताट पाठवतात, त्यांना आम्ही आजवर फक्त रिकामं ताट धुऊन परत दिलं होतं. दादाने वालाचं बिरडं, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि दुधी हलवा असा बेत केला. दुधी प्रोसेसरने हां हां म्हणता किसून दिला. कोशिंबिरीची काकडी मात्र त्याने विळीवर हाताने बारीक चोचवली. वाल सोलायचं यंत्रही अजून कुणी काढलेलं नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे मोड आलेले वाल कोमट पाण्यात घेऊन सोलत बसलो, आणि ते कंटाळवाणं वाटलं नाही.

जेवणं फार छान झाली. जावई दुसऱ्यांदा बिरडं मागून घेत होते आणि दादा वाढताना लाजत होता. वहिनींनी हलव्याचं प्रमाण विचारलं तेव्हा त्याला काय करू आणि काय नको असं झालं.

पंगत उठली आणि ताईने पदर खोचला. ती वर्तकनगरला राहते, तिचं लग्न झालं तेव्हापासून. तेव्हापासून माहेरी आली की जेवणानंतर ती भांड्यांकडे वळते. आईच्या आजारपणात तर यायची ती तेवढ्याचसाठी. मी कितीदा म्हटलं तरी ऐकायची नाही. त्या दिवशीही ती स्वयंपाकघरात गेली, पण सिंक रिकामं होतं. दादा खाली वाकून शेवटच्या वाट्या लावत होता. त्याने दार लावलं, बटण दाबलं. आत पाणी सुरू झाल्याचा आवाज आला.

ताई तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मग आता मी काय करू?"

"काही नको करूस," दादा म्हणाला. "माहेरी आली आहेस."

 खोचलेला पदर तिने सोडला. बाहेर येऊन खुर्चीत बसली, मग दादाच्या कॉटवर बसली, मग जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाली आणि झोपलीच. बाहेर आम्ही सगळे गप्पा मारत होतो, हसत होतो, त्या आवाजातही ती दिवेलागणीपर्यंत झोपली. भाची तिला उठवायला निघाली, मला घरी जाऊन सगळं आवरायचंय म्हणाली. दादाने तिला अडवलं. तुम्ही दोघं निघा, ही राहील.

ताई राहिली ती चांगली चार-पाच दिवस. अंगावरच्या साडीनिशी आली होती, पण ती रात्री मशीनमध्ये टाकली की सकाळी घालण्याजोगी होत होती, आणि मधल्या वेळेला शेजारच्या वहिनींचा गाऊन होता. सकाळी दादा तिला विचारायचा, आज काय खाणार, आणि ती लहानपणी सांगायची तसं आठवून आठवून सांगायची. थालीपीठ झालं, तांदळाची उकड झाली, एकदा साधी तूप-गुळाची पोळी झाली. ती जायच्या आदल्या दुपारी दादाने कपाटातून पत्त्यांचा जोड काढला. आम्ही तिघांनी खाली सतरंजी घातली आणि झब्बू खेळायला बसलो. तिघेही साठीच्या पुढचे, पण ताईने पहिल्याच डावात मांडीखाली पान लपवलं आणि मी ते पकडलं, तर माझ्यावरच रागावली.

डाव रंगात आला आणि गॅलरीत मशीन वाजायला लागलं. कपडे झाले होते. मी उठायला लागलो.

"बस रे," दादा म्हणाला. "थांबेल ते. उतारी तुझी आहे."

मी बसलो आणि पान टाकलं.