पिंपातली मासळी, रानातली मिरची

माझी आई सारसोळ्याची कोळीण. सगळं आयुष्य नेरुळच्या बाजारात पाटी मांडून बसली आणि भाव पाडून मागणाऱ्याला तिने कधी गोड बोलून परत पाठवलं नाही. माझे सासरे साताऱ्याकडचे. त्यांनी जन्मभर वाशीच्या मार्केटात पोती वाहिली आणि निवृत्त झाल्यावर उरणजवळ ओळखीतल्या एकाचा जमिनीचा तुकडा कसायला घेऊन मिरची लावली. दोघांचं वैर नव्हतं, पण माझ्या लग्नाला बारा वर्षं होऊनही त्यांचं बोलणं "बरं हाय ना?"च्या पुढे गेलं नव्हतं. समुद्रावरच्या माणसांना मातीतलं काय कळणार, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं.

गेल्या उन्हाळ्यात मिरचीची फुलं गळायला लागली. सासरे युरिया वाढवायच्या बेतात होते. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते, तिथे नमुने घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याकडून एक कृती ऐकली होती. मासळीची डोकी, आतडी, खवले तेवढ्याच वजनाच्या गुळात कालवून पिंपात झाकून ठेवायचे, काही आठवड्यांनी गाळायचे आणि फवारणीच्या पंपाला चार-पाच चमचे घालायचे. दुकानात अशा गोष्टी बाटलीत मिळतात, त्यांना बायोस्टिम्युलंट म्हणतात. हे खत नव्हे आणि कीड मारायचं औषधही नव्हे. ताटातल्या लोणच्याच्या फोडीसारखं आहे ते. फोडीने पोट भरत नाही, पण समोरचं जेवण नीट जातं. झाडही मग मातीत आहे तेच चांगलं घेतं, मुळं वाढवतं, ऊन सोसतं. मी आगाऊपणा करून हे सासऱ्यांच्या गळी उतरवलं आणि पिंप आईकडे भरायला दिलं.

दोन फवारण्या झाल्या आणि पानांच्या कडा करपल्या. सासरे रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. फोनवर एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. आमचं आमी बघतो."

आईला हे सांगितल्यावर तिने हातातली सुरी खाली ठेवली. "माजे मासलीला नाव ठेवलान?" 

शेवटी मी पिंपातलं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं. जगाचं पाणी तपासून देणारी मी, घरचं तपासायचं मला सुचलंच नव्हतं. मीटर लावला आणि कपाळावर हात मारला. त्यात भरपूर मीठ होतं. आईकडे जाऊन विचारलं तर ती म्हणाली, "टाकलं ना मूठ-दोन मूठ. मासली ठेवाची तं मीठ नको?"

तिचं तरी काय चुकलं! आमच्या घरात मासळी टिकवायची म्हणजे मीठ लावायचं. ते तिच्या हाताने केलं होतं, डोक्यापर्यंत गेलंच नव्हतं. मिठाने झाडं करपतात हे मी तिला सांगितलं. तशी ती उठली, पिंप रिकामं केलं, घासलं आणि मिठाची बरणी स्वतः माळ्यावर टाकली. तीन आठवडे तिच्या कालवणाला मीठ शेजारणीकडून येत होतं.

नवं पिंप तयार झाल्यावर तिने सासऱ्यांना स्वतःच फोन लावला. "चूक माजी हाय, मासलीची नाय. एकच सरी द्या मना. करपली तं परत नाव काडनार नाय."

आईला कुणाची माफी मागताना मी पहिल्यांदा ऐकत होते. मला तिचा अभिमान वाटला आणि धास्तीही. आता बिघडलं असतं, तर तिने सासऱ्यांसमोर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

सासऱ्यांनी बांधाकडेची सरी दिली, जिथे नुकसान झालं तरी चालेल अशी. तीन फवारण्यांनंतर एका रविवारी त्यांनी मला रानात बोलावलं. त्या सरीतलं एक झाड आणि शेजारच्या सरीतलं एक, अशी दोन उपटून त्यांनी माझ्यापुढे धरली. आईच्या झाडाची पांढरी मुळं दुपटीने पसरलेली होती आणि भर उन्हात फुलं टिकली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाबरोबर आईला त्यांचा निरोप आला, सगळ्या रानाला पुरेल एवढं पाठवा. वाढवायचा म्हणून आणलेला युरिया त्यांनी दुकानात परत दिला.

मिरची तोडायला आली त्या दिवशी सासरे न सांगता सारसोळ्याला आले. आई ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. त्यांनी डोक्यावरची पाटी उतरवून तिच्यासमोर ठेवली.

"विहीणबाई, आमच्यात पहिला तोडा देवाला असतो," ते म्हणाले. "औंदा हितं आणलाय."

बाजारात कुणाचं ऐकून न घेणारी माझी आई सुरी ठेवून उठली. तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि पाटी उचलून कपाळाला लावली.