हँडब्रेकचा दगड

आमच्या पिकअपला हँडब्रेक होता. नव्हता असं म्हणणाऱ्याला वडील केबिनमध्ये बसवून दाखवत. दांडा होता, दांड्याला काळी मूठ होती, मुठीवर दाबायचं बटणही होतं. दांडा ओढला की तो कुरकुरत पार वर यायचा आणि गाडी जिकडं उतार असेल तिकडं चालू लागायची. एवढी बाब सोडली तर हँडब्रेकबद्दल तक्रारीला जागा नव्हती. वडील त्याला डब्याची पिशवी अडकवत, पावसाळ्यात टॉवेल वाळत घालत. कुठलीही वस्तू वाया घालवू नये, असं त्यांचं मत होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कळंबला राहायचो. आमच्या शेतातली थोडी आणि गावातल्या लोकांची बरीच भाजी, हंगामात डाळिंबं, वडील लासुर्ण्यावरून बारामतीच्या मार्केट यार्डात पोचवायचे. मी बारामतीला कॉलेजात होते, त्यामुळं वांग्या-कोबीबरोबर माझीही ने-आण व्हायची. गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, गाडी एकदम ओके आहे म्हणून. हँडब्रेकवर हात ठेवून सांगितलं नव्हतं, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

बारामतीच्या मेकॅनिकनं केबल ताणून दिली. आठवडाभर गाडी उतारावर शहाण्यासारखी उभी राहिली, मग केबल सैल पडली. पुन्हा ताणली, पुन्हा सैल. शेवटी मेकॅनिकच कंटाळून म्हणाला, "तात्या, कशाला नादाला लागताय? गिअरमधी टाकायची आन् चाकाला दगड लावायचा. माझी गाडी बी तशीच उभी राहती." खुद्द मेकॅनिकची गाडी दगडाच्या भरवशावर म्हटल्यावर विषय संपला.

तसा हा आमच्या भागाचा रिवाजच होता. भिगवणला मच्छीच्या हॉटेलांपुढं रस्त्याच्या कडेनं दगडच दगड पडलेले असत. माणसं चिलापीचं कालवण ओरपून, मिशा पुसत गाडीत बसत आणि दगड तिथंच सोडून निघून जात. मागून येणाऱ्याला तो आयताच मिळे. इतकी चांगली सार्वजनिक सोय तालुक्यात दुसरी नव्हती, कारण तिच्या उद्घाटनाला कुणी पुढारी आला नव्हता. आणि एक होतं. उभी गाडी उताराला लागलेली दिसली की आमच्याकडचा माणूस आधी दगडाला हात घालतो, ओरडतो नंतर. हे शाळेत शिकवत नाहीत, ते अंगातच असतं.

वडिलांना मात्र रस्त्यावरचा कुठलाही दगड चालत नसे. त्यांचा स्वतःचा होता. विहिरीच्या बांधकामातून उरलेला, घडीव, काळा, खालून सपाट आणि वर निमुळता. तो ते पिकअपच्या हौद्यात ठेवत आणि कुणाला उसना देत नसत. कौतुक एवढं, पण निघताना तोच विसरायचा. निम्म्या वाटेवरून परत फिरायची वेळ दोनदा आल्यावर त्यांनी ठरवलं, की दगड लांबून दिसला पाहिजे. त्याला रंग द्यायचा.

निळा रंग असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण निळा विहाराच्या कमानीला लागून संपला होता, डबा खरवडूनही निघेना. मग शेजाऱ्याच्या ट्रॉलीला लावून उरलेला नारिंगी ऑइलपेंट मागून आणला आणि दगडाला दोन हात मारले. खालच्या सपाट बाजूला पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर घातला. म्हणजे चोरीची भीती नको. आमच्या वडिलांची दूरदृष्टी ही अशी.

एकदा लासुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या पुलाच्या चढावर, गाडी तापली. तिथल्या लिंबाखाली ती नेहमीच तापायची. वडिलांनी दगड लावला, कालव्याचं पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं, आणि भाजीला उशीर होतो म्हणून गडबडीत निघून गेले. दगड चढावर राहिला. कुणीतरी भल्या माणसानं, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागू नये म्हणून, तो उचलून लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवला असणार. भल्या माणसांनी आमचं जेवढं नुकसान केलंय तेवढं चोरांनी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील दगड आणायला गेले तेव्हा त्याच्यापुढं नारळ फुटला होता. झेंडूची माळ होती, उदबत्ती होती आणि एक बाई प्रदक्षिणा घालत होती. लिंबाखाली शेंदरी दगड म्हटल्यावर आणखी चौकशी कोण करतो? वडील रिकाम्या हातानं परत आले. आमच्या वस्तीतल्या माणसानं असल्या दगडाला हात लावला म्हणजे पुढं काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते घाबरले. मीही घाबरले असते.

घरात आजोबा होते. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि नीरेच्या डोहात सोडून आले. आजी रडत मागं गेली होती म्हणतात, तरी त्यांनी टोपली उलटी केलीच. तेव्हापासून आमच्या घरात दगडाला दोनच कामं होती, मिरची वाटणं आणि चाक अडवणं. वडिलांनी झाला प्रकार सांगितला तेव्हा आजोबा बाजेवर बसून शेंगा फोडत होते. त्यांचा हात थांबला.

"म्या घरातलं देव पाण्यात सोडलं," ते म्हणाले, "आन् तू वाटंवर नवा बसवून आलास."

"बसवला न्हाय आबा, इसरलो."

"मग आन जा."

"लोक काय म्हंतील?"

"आनशील तवा माझ्याशी बोल."

आणि ते खरोखर बोलायचे थांबले. एका घरात, एका पंगतीला बसून, हातभर अंतरावरच्या मुलाला उद्देशून मला सांगत, "तुझ्या बापाला म्हनावं, मीठ सरकव." मी म्हणे, "आबा मीठ मागतायत." वडील मीठ सरकवत. ऐकायला गंमत वाटते, पण मला ती कधी वाटली नाही. वडील खाली मान घालून जेवत आणि भाकरी अर्धी टाकून उठत. आपल्या बापानं आपल्याशी बोलावं, यापलीकडं त्या माणसाला त्या काळात दुसरं काही नको होतं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू लिंबाखाली हार घालून बसली होती.

देवाची इकडं भरभराट चालली होती. विटा रचून चौथरा झाला, झेंडा लागला, घंटा आली. देव कोणता, यावर एकमत नव्हतं. काही जण मारुती म्हणत, काही म्हसोबा. पण पावतो यावर एकमत होतं, आणि देवाच्या बाबतीत तेवढं पुरतं. देखभाल लासुर्ण्याच्या एका टेम्पोवाल्यानं अंगावर घेतली. शनिवारी कपाळभर गुलाल लावून तो चौथऱ्याशी बसे. धंद्यातला म्हणून वडिलांना ओळखायचा. त्याच्या टेम्पोचा हँडब्रेकही अर्थातच शोभेचा होता.

आमचा देव गेल्यावर, म्हणजे दगड गेल्यावर, पिकअपचे हाल सुरू झाले. वडील विटा लावत, विटा फुटत. लाकडाचा ठोकळा लावत, तो घसरे. दुसरा चांगला दगड बघा म्हटलं की म्हणत, "बघू." मला वाटतं, दुसरा दगड आणला असता तर पहिला गेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

आजोबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी दाखवायला बारामतीला न्यायचं होतं. शनिवार होता. आजोबा केबिनमध्ये खिडकीपाशी बसले, मी मध्ये, वडील स्टिअरिंगवर. कालव्याच्या चढावर गाडी नेमानं तापली. वडिलांनी ती चौथऱ्यापासून जरा वर, पुढं नेऊन उभी केली, देवाशी संबंध नको म्हणून. गिअर टाकला, हौद्यातली वीट मागच्या चाकाला लावली आणि कॅन घेऊन कालव्याकडं गेले. आजोबा आतच राहिले. मी पाय मोकळे करायला खाली उतरले.

आधी वीट फुटली. मग गिअर सुटला. गाडी मागं निघाली, अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी. काचेतून आजोबांचा एक हिरवी पट्टी बांधलेला डोळा आणि एक उघडा डोळा माझ्यापासून लांब जाताना दिसला. मी धावले, बॉनेटला धरलं, माझ्या धरण्यानं काय होणार? गाडी मागं मागं गेली आणि चौथऱ्यावर जाऊन आदळली. घंटा वाजली. देव उलटा होऊन खाली पडला.

शनिवारची गर्दी होती. वडील कॅन टाकून पळत आले तोवर लोक जमले होते. "देवाला धडक दिली," एक जण म्हणाला. "कुणाची गाडी हाय?" दुसऱ्यानं विचारलं, आणि कुणाची ते कळल्यावर सगळे जास्तच गप्प झाले. ती शांतता मला आवडली नाही. तेवढ्यात एका म्हातारीनं पडलेल्या देवाकडं बोट दाखवलं. त्याची सपाट बाजू वर झाली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात, झकास अक्षरात, आमच्या गाडीचा नंबर होता.

मला वाटलं, सुटलो. एवढा धडधडीत पुरावा.

टेम्पोवाल्यानं नंबर वाचला. मग गाडीच्या नंबर प्लेटकडं बघितलं. मग पुन्हा दगडाकडं. आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "धडक दिली त्या गाडीचा नंबर देवाच्या अंगावर उमटला." बायकांनी पदर डोक्यावर घेतले. मागची माणसं पुढं आली.

वडील दगडापाशी उभे होते. त्यांनी एकदा केबिनकडं बघितलं. आजोबा काचेतून त्यांच्याकडंच बघत होते.

"उमटला न्हाय," वडील म्हणाले. "म्या घातलाय. दगड माझा हाय. माझ्या गाडीचा हँडब्रेक चालत न्हाय म्हणून चाकाला लावत हुतो. हितं इसरून गेलो."

वडिलांना जमावापुढं इतकी वाक्यं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आता एक तर मारतील नाही तर मानतील, असं मला वाटलं. दोन्ही झालं नाही. टेम्पोवाल्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तात्या, देवच आसं निमित्त करतो," तो मायेनं म्हणाला. "तुमच्या हातनं आला आन् आमच्या वाटंवर बसला. तुमाला म्हाईत न्हाय एवढंच." लोकांनी माना डोलावल्या. खरं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे आमच्या लोकांना पक्कं माहीत आहे. त्याचं ऐकून घ्यायचं आणि आरती सुरू करायची.

आरती सुरू होणारच होती. पण चौथरा नुसत्या विटा रचून केलेला होता, सिमेंट येणार येणार म्हणून वर्गणीदारांनी तसाच ठेवला होता. आमच्या मागच्या चाकाखालच्या विटा एकेक करून ढासळल्या आणि गाडी पुन्हा निघाली. आत अजून आजोबा होते, आणि या वेळी खाली उताराच्या तोंडाशी टेम्पोवाल्याचा टेम्पो उभा होता. त्यात दर्शनाला आलेल्या बायका बसलेल्या.

आम्ही सगळे जागेवर थिजलो. टेम्पोवाला थिजला नाही. तो वाकला, समोर दिसला तो दगड दोन्ही हातांनी उचलला, पळत जाऊन मागच्या चाकाला लावला आणि वर पाय देऊन दाबून धरला. गाडी एकदा मागं रेलली आणि थांबली. सपाट बाजू खाली, निमुळती वर. अगदी बरोबर लावला होता.

मग त्याला कळलं. त्यानं खाली पाहिलं. शेंदरी दगडावर त्याची चप्पल होती. लोकांनीही पाहिलं. पाय काढावा तर गाडी जाते, ठेवावा तर देव. कपाळभर गुलाल लावलेला तो माणूस तसाच उभा राहिला.

आजोबांनी दार उघडलं. हळूहळू उतरले, माझ्या खांद्याला धरून मागं आले आणि उघड्या डोळ्यानं वाकून चाक बघितलं.

"नीट दाब," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "टाच लाव. जरा हालतोय."

त्यानं टाच लावली.

आजोबा वडिलांकडं वळले. माझ्याकडं नाही, थेट वडिलांकडं. "उभा काय ऱ्हायलास? पानी आन. गाडी तापलीया."

वडील कॅन शोधायला निघाले, थांबले, पुन्हा निघाले. पाणी आणलं, ओतलं, त्यातलं निम्मं बॉनेटवरच सांडलं. मग त्यांनी गाडी चालू केली, चढ संपवून सपाटीवर नेऊन लावली आणि चालत परत आले. टेम्पोवाल्यानं पाय काढला आणि वडिलांनी दगड उचलून हौद्यात टाकला. कुणी आडवं आलं नाही. पुढच्या शनिवारी लिंबाखाली दुसरा दगड आला असं ऐकलं. तो आमचा नव्हता, आणि त्याच्याविषयी आमची काही तक्रारही नव्हती.

बारामतीचा रस्ता लागल्यावर आजोबांनी मागं वळून हौद्यातल्या दगडाकडं बघितलं. मग माझ्या डोक्यावरून वडिलांना म्हणाले, "निळा न्हवता का?"

"संपला हुता, आबा."

"मग मला सांगायचं. माझ्या बाजंखाली डबा हाय."