बावीस पावलांचा पॅसेज

कवळीवाल्यांना इमारतीत नावाने कोणीच ओळखत नसे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहत. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यावर मेणाच्या पट्ट्या, प्लॅस्टरचे पांढरे जबडे, कानस आणि पॉलिशची छोटी मोटर. चार दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं त्यांच्याकडे पाठवायचे आणि ते त्यावरून कवळ्या करून द्यायचे. काम इतकं नेमकं की कागदाच्या जाडीएवढी चूक झाली तरी माणसाला घास चावता येत नाही. "अर्धे म्हातारे मी केलेल्या दातांनीच मला शिव्या घालतात," असं ते हसत हसत सांगायचे.

त्यांची बायको, म्हणजे इमारतीच्या काकू, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज असा स्वच्छ की माणसं नंबर मिळाल्यावरही लाइन सोडायची नाहीत. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, भर दुपारी, भाजी चिरता चिरता तिला झटका आला. डावी बाजू लुळी पडली. कवळीवाले नुसते तिचं नाव घेत उभे राहिले. त्यांना काही सुचेना.

धावून आली ती समोरच्या दारातली शेजारीण. ही बाई राहायला आली त्याच आठवड्यात कवळीवाल्यांच्या बायकोने तिचं नाव 'वादळ' ठेवलं होतं. बोलणं मोठं, हसणं मोठं, दार लावणंही मोठं. घरात नवरा, दोन मुली, सासू. वादळाने एका नजरेत काय ते ओळखलं. घरी आलेल्या भावाला हाक मारली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत काकूंना बसवलं, ओढणीने खुर्चीला बांधलं, आणि दोघा बहीण-भावांनी ती खुर्ची तीन मजले खाली उतरवली. इमारतीला लिफ्ट नव्हती. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हातची गेली असती.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

तीन महिन्यांनी काकू वॉकर धरून उभ्या राहू लागल्या. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली, "घरात जागा नाही. पॅसेजमध्ये चाला. रोज शंभर पावलं. चुकवायचं नाही." पॅसेज चांगला रुंद होता. जिन्यापासून टोकाच्या खिडकीपर्यंत काकूंची बावीस पावलं भरायची. जाऊन येऊन चव्वेचाळीस. सकाळी खिडकीतून ऊन यायचं, काकू त्या उन्हात दोन मिनिटं टेकायच्या आणि परत फिरायच्या.

पहिल्यांदा आल्या चपला. पाच माणसांच्या चपला म्हणजे किती असतील? पण वादळाच्या दारासमोर बाजार भरल्यासारखा ढीग असे. मग चपलांसाठी एक लोखंडी मांडणी आली, आणि चपला मांडणीसमोरच पडू लागल्या. मग मुलींची सायकल. मग एक सोफा, स्प्रिंगा वर आलेला. आणि रोज कचऱ्याची पिशवी. ती खाली नेऊन टाकायची तर तीन मजले, म्हणून रात्रभर दाराबाहेर. सकाळपर्यंत तिच्यातून कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं आणि एक चिकट ओघळ पॅसेजभर पसरलेला असे. वॉकरचं रबर त्यावरून घसरायचं.

कवळीवाले सकाळी उठून फडक्याने तो ओघळ पुसत. पिशवीला गाठ मारून स्वतःच्या पिशवीबरोबर खाली नेत. चपला पायाने एका बाजूला करत. एकदा वादळाने ते पाहिलं.

"अहो काका, राहू द्या ना! तुम्ही कशाला?"

"असू दे गं. खाली जातोच आहे."

"तुम्ही म्हणजे ना, देवमाणूस!" असं म्हणून ती आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी त्यांच्या दाराच्या जरा जवळ ठेवली जाऊ लागली.

"बो-ला," काकू म्हणायच्या. त्यांचे शब्द आता अर्धेमुर्धे बाहेर यायचे. "तिला... बोला."

"काय बोलू?" ते कानस चालवत म्हणायचे. "कोणत्या तोंडाने बोलू?"

दिवसभर दुसऱ्यांची तोंडं घडवणाऱ्या माणसाचं हे वाक्य ऐकून एरवी काकू हसल्या असत्या. पण त्यांची पावलं एव्हाना बावीसवरून चौदावर आली होती.

उपकाराचं ओझं उतरवायचा एक मार्ग त्यांना सुचला. वादळाच्या सासूच्या तोंडात दोनच दात उरले होते. कवळीवाल्यांनी स्वतः माप घेतलं, महिनाभर खपून म्हातारीला उत्तम कवळी करून दिली, आणि मनाशी म्हटलं, झालं, आता आपण मोकळे. आता बोलता येईल.

झालं भलतंच. म्हातारी इतकी खूश झाली की नवे दात जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावेत म्हणून खुर्ची टाकून दिवसभर पॅसेजमध्ये बसू लागली. शेंगा फोडून खायची आणि टरफलं जमिनीवर टाकायची. काकू वॉकर घेऊन आल्या की म्हणायची, "ये गं बाई, बस. एवढी चालून कुठे जायचंय तुला?" ऐकायला तिला फारसं येत नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नव्हती. चौदाची दहा पावलं झाली. आणि वादळ भेटेल त्याला सांगत सुटली, "आमच्या काकांनी केलीय कवळी! काका म्हणजे घरचेच!"

घरच्या माणसाला काय तक्रार करता येणार?

मग एके दिवशी फ्रिज आला. जुना, उंच, दार दोरीने बांधलेला. पॅसेजच्या निम्म्या वाटेवर, एक बाजू भिंतीला टेकून. फ्रिज आणि समोरची मांडणी यांच्यामध्ये वॉकर जेमतेम तिरका करून निघेल एवढीच फट राहिली. "भावाचा आहे," वादळ म्हणाली. "चार दिवस." चार दिवसांचे चार महिने झाले.

कवळीवाले तळमजल्यावरच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. आयुष्यभर लोकांना आत सरका, आत सरका म्हणून सांगितलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कसं आहे, थोडं तुम्ही सरका, थोड्या त्या सरकतील."

"मी कुठे सरकू? मी तर घरातच असतो."

"मग अर्ज द्या. पण अर्ज दिला की मला तो त्यांना दाखवावा लागणार. त्या वाईट वाटून घेतील. त्यांनीच ना वहिनींना त्या दिवशी..."

"हो. त्यांनीच."

अर्ज त्यांनी लिहिला. तीनदा लिहिला. 'समोरील रहिवासी' असं लिहिलं की ते दुष्टासारखं वाटे, आणि नुसतं 'सामान' लिहिलं की ते आपोआप आल्यासारखं. शेवटी कागद कवळ्यांच्या मापांच्या फाइलमध्ये गेला आणि तिथेच राहिला. घर बदलायचं त्यांच्या मनात यायचं. पण वादळाकडे त्यांच्या घराची किल्ली होती. डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला ते बाहेर पडले की काकूंकडे तीच डोकावून जायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, गल्लीतल्या बातम्या नकलांसकट सांगायची. नवीन जागी हे कोण करणार? जिचा जाच तिचाच आधार. दिवसभर ते मोटरसमोर बसत आणि मोटर बंद केली की पॅसेजमधून सामान ओढल्याचा आवाज येई. आता आणखी काय आलं, या धास्तीने त्यांचा हात थांबे.

एका मंगळवारी दुपारी ते दोन कवळ्या घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. वादळही घरी नव्हती, मुलींच्या शाळेत गेली होती. यायला त्यांना तास लागला. तिसऱ्या मजल्याची शेवटची पायरी चढले आणि त्यांना फ्रिजच्या मागे वॉकरचा एक पाय दिसला.

काकू एकट्याच चालायला निघाल्या होत्या. फ्रिजपाशी वॉकर तिरका करताना त्याचा पाय मागच्या जाळीत अडकला, आणि त्या फ्रिज आणि मांडणीच्या मध्ये अडकल्या. पुढे जाता येईना, मागे येता येईना, बसायलाही जागा नाही. चांगल्या हाताने फ्रिजची दोरी धरून त्या उभ्या होत्या. पायाखाली ओलं होतं. तीन हातांवर म्हातारी खुर्चीत गाढ झोपली होती.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं. काकूंनी मान हलवली. माहीत नाही.

"हाक का नाही मारलीस? कोणी ना कोणी आलं असतं!"

"मारली," काकू म्हणाल्या.

त्यांनी जाळी वाकवून वॉकर सोडवला. काकूंना धरून घरात आणलं, कपडे बदलले, पलंगावर निजवलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. मग कवळीवाल्यांनी बाहेर जाऊन फरशी पुसली. पुसून झाल्यावर फ्रिजला खांदा लावला. तो तसूभरही हलला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. म्हातारी जागी झाली आणि नवे दात दाखवत म्हणाली, "चहा घेणार का?"

संध्याकाळी ते समोरच्या दाराशी गेले. आत गेले नाहीत.

"या ना काका!"

"नको. इथेच बोलतो." जे घडलं ते त्यांनी सगळं सांगितलं. ओल्या फरशीचंही सांगितलं. "हे सामान हलव. उद्या नाही, आज."

वादळाचा चेहरा आधी पडला, मग तापला. "मी घरात असते तर असं झालं असतं का? त्या दिवशी कोण धावलं होतं काका? विसरलात?"

"विसरलो असतो तर दीड वर्षापूर्वीच बोललो असतो," ते म्हणाले. "रोज आठवतं. तुझ्या कचऱ्याची पिशवी उचलताना आठवतं. तू नसतीस तर ती गेली असती, हे मला ठाऊक आहे. पण तू वाचवलीस ती काय फ्रिजमागे उभी करायला?"

आतून मुलींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"भाऊ कामासाठी परगावी गेला," वादळ म्हणाली. एवढ्या हळू बोलताना तिला कोणी ऐकलं नव्हतं. "सोफा त्याचा, फ्रिज त्याचा. म्हणाला, येईपर्यंत ठेव. आता फोन उचलत नाही. आत या आणि बघा, पाच माणसं आडवी झाली की पाय ठेवायला जागा नसते. टाकून देऊ? खुर्चीचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं काका."

कवळीवाले जिना उतरून सेक्रेटरींना बोलवायला गेले.

त्याच संध्याकाळी तिचा नवरा आणि कंडक्टर सेक्रेटरी यांनी मिळून फ्रिज तळमजल्यावर जिन्याखाली नेला. आठ दिवसांनी मीटरच्या खोलीचं दार उघडत नाही अशी तक्रार आली आणि फ्रिज पुन्हा वर आला. या वेळी तो पार टोकाला, खिडकीला लावून उभा केला. सोफा भंगारवाल्याने नेला. सायकल घरात गेली, म्हातारीची खुर्चीही. चालायला सतरा पावलं मोकळी झाली, पण ऊन येईनासं झालं. कवळीवाल्यांनी तिथे एक बल्ब लावला. तो दिवसाही चालू ठेवावा लागतो.

कचऱ्याची पिशवी चार-पाच दिवस दिसली नाही. मग एका सकाळी पुन्हा दाराबाहेर होती. त्यांनी दोन मिनिटं तिच्याकडे पाहिलं आणि उचलली.

वादळ अजून पाण्याचा तांब्या भरून देते. पण दारातूनच. बसत नाही, नकला करत नाही. दारही आता हळू लावते. काकू कधी कधी त्या दाराकडे बघत बसतात. एकदा म्हणाल्या, "तिला... बोलाव." कवळीवाल्यांनी बोलावलं, ती आली, पाच मिनिटं काकूंच्या पायांना तेल लावलं, आणि गॅसवर दूध आहे म्हणून उठून गेली.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या माणसाने तळमजल्यावरची जागा सुचवली. पायऱ्या नाहीत, पुढे छोटं अंगण. कवळीवाल्यांनी कागदावर काकूंना नकाशा काढून दाखवला. अंगण किती पावलांचं भरेल तेही सांगितलं. काकूंनी बोट नकाशावरून फिरवत शेजारच्या कोऱ्या जागेवर आणलं.

"इथे... कोण?"

"माहीत नाही," ते म्हणाले.

काकूंनी कागद परत दिला. त्यांनी त्या माणसाला, विचार करून कळवतो, असं सांगितलं आणि मोटर चालू केली.